खिडकी नंबर चारचा प्रोसेसर

एकतीस वर्षं मी कापडगिरणीचा बॉयलर सांभाळला. त्या एकतीस वर्षांत दाबाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे एकदाही गेला नाही, हे मी आत्मस्तुती म्हणून सांगत नाही. रजिस्टरमध्ये नोंद आहे. दर अर्ध्या तासाला वेळ, तापमान, दाब, शेरा आणि सही. खोटी सही मी कधी केली नाही आणि शेऱ्याचा रकाना कधी रिकामा सोडला नाही. अशा माणसाला नखाएवढ्या प्रोसेसरने भर म्हातारपणी घाम फोडावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रोसेसर आमच्या हिचा. म्हणजे संगणक हिचा, खेळ हिचा, आणि ताप माझा. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, देशाटन करतात, निदान शेजाऱ्यांशी भांडतात. ही टपाल कचेरीत अठ्ठावीस वर्षं चार नंबरच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाली आणि संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळायला लागली. सवय लावली तिच्या दादाने. त्याच्या घरी एकदा सहज म्हणून तिने ते खेळातलं स्टिअरिंग हातात घेतलं आणि पहिल्याच फेरीत दादाला मागे टाकलं. आयुष्यभर ‘सावकाश हो, सावकाश’ म्हणत रांग हाकणारी बाई वळणावर ब्रेकसुद्धा लावत नव्हती. मग ती रीतसर एका साखळी स्पर्धेत उतरली. स्पर्धा पन्नाशीच्या पुढच्यांची, दर रविवारी सकाळी अकराला, एकूण आठ शर्यती. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं असतं. कुणी ‘वादळ’ होतं, कुणी ‘काळा चित्ता’. हिने नाव घेतलं ‘खिडकी नंबर चार’.

दादाने, म्हणजे आमच्या मेहुण्यांनी, सल्ला दिला की तयार संगणक विकत घ्या, जोडत बसू नका. सल्ला चांगला होता. पण तो मेहुण्यांनी दिला होता. ज्याने बॉयलरचे पन्नास व्हॉल्व्ह उघडून बसवले, त्याने एक डबा जोडण्यासाठी दुकानदाराचे पाय धरायचे? मी सुटे भाग आणले, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि दोन दिवसांत यंत्र उभं केलं. प्रोसेसरवर दाताच्या पेस्टसारखी एक करडी पेस्ट लावायची असते, ती वाटाण्याएवढी, मोजून लावली. त्यावर पंख्यासकट कूलर बसवायचा. कूलरची खालची तांब्याची बैठक आरशासारखी लखलखत होती. असं काम हल्ली पाहायला मिळत नाही. तो मी खोक्यातून जसा आला तसा, बोटाचा ठसासुद्धा न उमटू देता, अलगद बसवला. नवी वस्तू कशी हाताळावी हे आमच्या घरी येऊन शिकावं. आमचा सोफा नऊ वर्षांचा आहे, पण त्यावरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक आजही शाबूत आहे. फ्रिजच्या दारावरचं आहे, रिमोटवरचं आहे, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरचंही आहे, त्यामुळे आमच्याकडे वेळ जरा धूसर दिसते. हिची यावर काही मतं आहेत. ती ऐकण्याचा योग मला रोज येतो.

इथवर सगळं सुरळीत झालं होतं. एवढ्यात मेहुणे यंत्र पाहायला आले आणि त्यांनी सहज विचारलं, की वेग किती? मी सांगितला. ते म्हणाले, “छान आहे. आमचा जरा जास्त आहे.” एवढंच म्हणून ते चहा प्यायला लागले.

त्या ‘जरा’पायी मी ओव्हरक्लॉकिंगच्या नादी लागलो. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त पळवणं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यंत्र सुरू होताना एका निळ्या पडद्यावर जाऊन आकडे वाढवायचे, थोडी वीज वाढवायची, झालं. बॉयलरवर कुणी असं केलं असतं, तर मी त्याला गिरणीच्या फाटकापर्यंत पळवत नेलं असतं. पण मेहुण्यांपुढे तत्त्वं फार काळ टिकत नाहीत. मी आकडे वाढवले. हिला मात्र सांगितलं की तुझ्या तीन पडद्यांसाठी हे आवश्यक आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. तिने समोर एक आणि दोन बाजूंना दोन पडदे मांडले होते, आणि वेग कमी असला की वळणावर चित्र अडखळत असे.

पहिल्या चार शर्यती मेहुण्यांकडच्या संगणकावर झाल्या होत्या. पाचवी आमच्याकडच्या नव्या यंत्रावर. शेवटच्या फेरीत ही पहिली होती. समोर फक्त रस्ता आणि शेवटची रेघ. तेवढ्यात तिन्ही पडदे एकदम काळे झाले. तिने हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. मान न वळवता मला म्हणाली, “अहो, खिडकी बंद झाली.”

मी तपासलं. प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांवर गेलं होतं आणि त्याने जीव वाचवायला स्वतःच यंत्र बंद केलं होतं. शंभर अंश म्हणजे पाणी उकळतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं पाणी हिशेबात उकळलं, त्याच्या घरात हे बेहिशेबी उकळत होतं. मी त्याच दिवशी कपाटातून गिरणीचं एक कोरं रजिस्टर काढलं. वेळ, तापमान, वेग, शेरा, सही. दुखणं नेमकं लिहून ठेवलं की अर्धं बरं होतं, असा माझा अनुभव होता. या बाबतीत तो चुकीचा ठरला.

बातमी इमारतीत पसरली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर चार जण विचारतात, यंत्र आजारी पडलं तर चाळीस. संगणकाच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं की पंखे वाढवा. मी पंखे वाढवले, सहा केले. यंत्र सुरू झालं की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन विचारायच्या की पीठ दळून मिळेल का. तापमान दोन अंशांनी उतरलं. मी शेऱ्यात ‘सुधारणा’ असं लिहिलं.

मग तळमजल्यावरचे फ्रिज दुरुस्त करणारे आले. त्यांना सगळे बर्फवाले म्हणतात. बर्फवाल्यांनी डब्यावर कान लावला, डोळे मिटले, मान हलवली, आणि डब्याचं बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावायला सांगितलं. टेबलफॅनच्या वाऱ्याने हिचे केस डोळ्यांवर आले आणि सराव करताना तिने गाडी थेट प्रेक्षकांत घातली. बर्फवाले खचणारे नव्हते. त्यांनी पंख्यापुढे गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. वारा गार झाला, बाटल्यांना घाम सुटला, घामाचं पाणी टेबलावरून वाहत कीबोर्डात शिरलं आणि कीबोर्ड आपण होऊन प, प, प असं लिहीत बसला. कीबोर्ड दोन दिवस उन्हात वाळवावा लागला. बर्फवाले जाता जाता म्हणाले की एकदा कूलर उघडून बघू या का? मी नम्रपणे, पण स्वच्छ शब्दांत सांगितलं की कूलर मी स्वतःच्या हाताने बसवला आहे. या वाक्यानंतर कुणी काही बोलत नाही.

मुद्दाम सांगतो, मी हट्टी नाही. मी वेग पूर्ववत करूनही पाहिला. तरीसुद्धा ब्याण्णव अंश. शहाण्या माणसाने इथेच ओळखलं असतं की पाणी कुठेतरी वेगळंच मुरतंय. मी शेऱ्यात ‘हवामान’ असं लिहिलं आणि वेग पुन्हा वाढवला.

त्यानंतर मला गिरणीचं धुराडं आठवलं. गरम हवा खोलीत फिरत राहते, ती बाहेर काढली पाहिजे. मी डब्याच्या मागून एक जाड नळा खिडकीबाहेर हातभर काढला. काम सुबक झालं होतं. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली, की इमारतीच्या दर्शनी भागावर विनापरवाना वस्तू आढळली आहे.

सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत, पण त्यांना छापील अर्जाबाहेरचं जग ठाऊक नाही. अर्जात खिडकीबाहेर काढता येणाऱ्या वस्तू तीनच होत्या: कुंडी, वातानुकूलन यंत्र आणि कपडे वाळत घालण्याची दांडी. मी म्हटलं, ही संगणकाची नळी आहे. ते म्हणाले, चौथा प्रकार हवा असेल तर सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल, आणि ती वर्षातून एकदाच होते. वातानुकूलन लिहावं तर विजेच्या खात्याचा दाखला हवा. कुंडी लिहावी तर तिच्यात माती हवी. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ती दांडी ठरवली. परवाना मिळाला. खाली एक अट होती: वस्तूचा वापर नमूद केलेल्या कारणासाठीच व्हावा. दोन दिवसांनी सेक्रेटरी खालून वर बघत उभे दिसले. दांडीवर कपडा नव्हता. म्हणून आम्हाला नळ्यावर टॉवेल घालावा लागला. टॉवेल नळ्याच्या तोंडावर आला, गरम हवा उलटी खोलीत आली, आणि सहावी शर्यत कशीबशी पार पडली असली तरी सातव्या शर्यतीत ही दुसरी असताना खिडकी नंबर चार पुन्हा बंद झाली.

या खेपेला तिने फक्त स्टिअरिंगवर रुमाल टाकला आणि उठली. मला तेच जास्त लागलं. संध्याकाळी तिने शांतपणे सांगितलं की ‘वादळ’ आता तिच्यापेक्षा दोन गुणांनी पुढे आहे, शेवटच्या शर्यतीत त्याच्या पुढे आलं तरच स्पर्धा हाती लागेल, आणि ती शर्यत ती दादाकडे जाऊन खेळणार आहे. “तुमचा अपमान करायचा नाहीये मला,” ती म्हणाली. “पण अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांची रांग पुढे सरकवली. एकदा तरी मला रांगेत पहिलं उभं राहायचंय.”

ती जिंकावी असं मला मनापासून वाटत होतं, पण ती मेहुण्यांच्या घरातून जिंकावी हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं. नवऱ्याने बांधलेल्या यंत्रावर बायकोचा भरवसा नाही, हे सगळ्या इमारतीला कळणार होतं. मी आठवडाभर रजिस्टर भरत राहिलो. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव.

रविवार उजाडला. ही स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं पिशवीत भरत होती. बरोबर नऊला मेहुणे तिला न्यायला आले. उकाडा होता. ते सोफ्यावर बसले, मी समोर बनियनवर बसलो होतो. ही आतून आवाज देत होती की पाच मिनिटांत निघू. मेहुण्यांनी पाठ जरा सोडवून घेतली. सोफ्याचं प्लॅस्टिक चर्र करून त्यांच्या शर्टाला सोडेना.

“रागावू नका,” ते म्हणाले, “पण तुमच्या सोफ्यावर पाठ शिजते हो. हे प्लॅस्टिक काढा की. मध्ये हे असल्यावर अंगातली गरमी जाणार कुठे?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. कारण गिरणीत नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो. बॉयलरच्या नळीत अंड्याच्या टरफलाएवढा क्षार साचला, तरी उष्णता अडते. बाहेरून कितीही पंखे फिरवा, मधला पडदा काढल्याशिवाय उपयोग नाही. एकतीस वर्षं सांगितलं. आणि मला कूलरची ती आरशासारखी लखलखणारी बैठक आठवली. तांबं इतकं लखलखत नाही. तांब्यावरचं प्लॅस्टिक लखलखतं. त्यावर लाल अक्षरात काहीतरी लिहिलेलंही होतं, आणि लाल अक्षरं म्हणजे ‘जपून हाताळा’ अशी माझी समजूत होती. जपून हाताळलं होतं मी.

“पाच मिनिटं थांबा,” मी म्हणालो आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पाचाची वीस झाली. शर्ट घातला, कारण गंभीर काम बनियनवर करू नये. चार स्क्रू काढले, कूलर हलवून सैल केला, उलटा केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पातळ, पारदर्शक, कोपरे अजून कडक असलेलं प्लॅस्टिक पेस्टमध्ये माखून तिथे बसलं होतं. लाल अक्षरं आता नीट वाचता आली: बसवण्यापूर्वी काढून टाका. सहा भाषांत. मी ते ओढून काढलं, पुसलं आणि कुणी पाहण्याआधी शर्टाच्या खिशात सरकवलं. दोन्ही पृष्ठं कापसाने स्वच्छ केली, उरलेल्या पेस्टमधून वाटाण्याएवढी लावली, कूलर बसवला, यंत्र सुरू केलं. वेग तोच, वाढवलेला. प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपलं आणि आकड्याकडे पाहत उभा राहिलो. पंचावन्न. साठ. चौसष्ट. आणि चौसष्टवर तो थांबला. दहा मिनिटं झाली तरी चौसष्टच. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. बॉयलर निवृत्त झाला त्या दिवशीसुद्धा भरले नव्हते.

बाहेर ही पायात चपला घालून उभी होती. मी रजिस्टर तिच्या हातात दिलं. वेळ, तापमान चौसष्ट, वेग, सही. शेऱ्यात लिहिलं होतं: संपर्क सुधारला. तिने रकाने वाचले, मग सही नीट पाहिली. मेहुणे म्हणाले की उगाच धोका कशाला, गाडी खाली उभी आहे.

“नक्की?” तिने मला विचारलं.

“सही केलीये,” मी म्हणालो.

तिने चपला काढल्या आणि पिशवीतून स्टिअरिंग बाहेर काढलं. मेहुणे पुन्हा सोफ्यावर बसले, या खेपेला कडेला, लाकडी हातावर.

ती शर्यत मी पाहिलीच नाही. सगळे मला विचारतात की तो शेवटचा क्षण कसा होता, आणि मला सांगता येत नाही. तीन पडद्यांवर गाड्या धावत होत्या आणि मी स्टुलावर बसून कोपऱ्यातल्या छोट्या आकड्याकडे बघत होतो. सहासष्ट. सदुसष्ट. मध्ये केव्हातरी बर्फवाले आले, मागून वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. यंत्र गार असल्याने पंखे हळू फिरत होते, आणि सहाही पंखे असून नेहमीचा आवाज का नाही, म्हणून त्यांना काळजी वाटली होती. सेक्रेटरी टॉवेल तपासायला आले आणि तेही उभेच राहिले. कुणीतरी म्हणालं की ‘वादळ’ आडवा आला. एकोणसत्तर. कुणीतरी म्हणालं की आतून घुसली. सत्तर. हिच्या तोंडून सवयीने निघालं, “सरका पुढे, सरका, सुट्टे तयार ठेवा.” एक्काहत्तर. आणि मग मेहुणे इतक्या जोराने ओरडले, की मला वाटलं पडदे काळे झाले. पडदे काळे झाले नव्हते. समोरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पहिला क्रमांक, खिडकी नंबर चार.

ही उठली. अठ्ठावीस वर्षं बसून काम केलेली बाई दोन्ही हात वर करून उभी राहिली आणि खोलीभर नाचली. बर्फवाल्यांनी मला मिठी मारली. सेक्रेटरींनी हस्तांदोलन केलं. मेहुणे सगळ्यांसमोर म्हणाले की यंत्र बांधावं तर आमच्या पाहुण्यांनी, आमच्याकडचं यंत्र इतक्या वेगात ऐंशीच्या खाली कधी येत नाही. हे वाक्य मी रजिस्टरमध्ये नोंदवून घेतलं. प्रत्येकजण विचारत होता की अखेर केलं तरी काय. मी म्हणत होतो की संपर्क, संपर्काचा प्रश्न होता, तांत्रिक आहे, सांगायला वेळ लागेल. लोक आदराने मान हलवत होते. असा दिवस माणसाच्या वाट्याला एकदाच येतो, तो मी पुरेपूर उपभोगला.

नळ्याची आता गरज नाही. पण दांडीचा परवाना रद्द करायला सर्वसाधारण सभा लागते, म्हणून ती अजून खिडकीबाहेर आहे. आम्ही तिच्यावर खरोखरच टॉवेल वाळत घालतो. वाळतात बरे.

पंधरा दिवसांनी स्पर्धेचं बक्षीस घरी आलं. नवं कोरं, चामड्याचं आवरण असलेलं स्टिअरिंग. मेहुणे होते, बर्फवाले होते, काकूही होत्या. हिने खोकं उघडलं. स्टिअरिंगच्या मधल्या गोल भागावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवलेलं होतं, आणि काय सांगू, फार सुंदर लखलखत होतं.

हिने ते माझ्यापुढे धरलं. “तुम्ही काढा.”

“असू दे की,” मी म्हणालो. “राहील चांगलं.”

“रविवारचा तुमचा शर्ट मी धुवायला घेतला होता,” ती म्हणाली. “खिसे तपासूनच धुते मी.”

तिने कपाटातून रजिस्टर आणलं आणि त्या रविवारचं पान उघडलं. शेऱ्याच्या रकान्याशेजारी, चारी कोपऱ्यांना गोंद लावून, ते प्लॅस्टिक व्यवस्थित चिकटवलेलं होतं. टपाल खात्यातली बाई, चिकटवलेलं सरळच असणार. लाल अक्षरं लांबूनसुद्धा वाचता येत होती. मेहुण्यांनी चष्मा लावला. पहिल्या भाषेत वाचलं, दुसऱ्या भाषेत वाचलं, मग सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बर्फवाले खिडकीबाहेरचा टॉवेल बघायला लागले.

पंधरा दिवसांची कीर्ती एका पानात संपली, असं मला क्षणभर वाटलं. पण ही हसत होती. चिडवत नव्हती, मनापासून हसत होती, शर्यत जिंकली तेव्हा हसली होती तशीच. म्हणाली, “चूक तुमची, ते खरंच. पण शोधून काढलीत तीही तुम्हीच. आणि मी जिंकले आपल्या घरातून.”

मी स्टिअरिंगचं प्लॅस्टिक नखाने उचललं आणि ओढलं. चर्र असा आवाज झाला. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी उठून रिमोटचं काढलं, घड्याळाचं काढलं आणि शेवटी मेहुण्यांना उठवून सोफ्याचं काढलं. खाली निळा कपडा निघाला. नऊ वर्षं मी तो करडा समजत होतो.

मग मी पेन घेतलं. ‘संपर्क सुधारला’ यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘प्लॅस्टिक काढले नव्हते. आता काढले.’ आणि सही केली.